घर भाड्याने दिले की मालकाची जबाबदारी संपते का?

तिसरा मजला: ‘ताबा दिल्यानंतर नळाच्या वॉशरपासून दाराच्या कुलपापर्यंत सगळे भाडेकरूने पाहावे’ हे येथील मत वाचून राहवले नाही. वॉशर माझ्या वापराने झिजतो, तो मी बदलेन. परंतु भिंतीतला पाइप फुटून ओल आली किंवा जुन्या वायरिंगमुळे स्विचबोर्ड तापू लागला, तर तो दोष घराचा आहे आणि घर ज्याचे, खर्चही त्याचाच.

दोन घरांचा धनी: ते मत माझेच आहे. ओल आल्याचे मालकाला कळवतो कोण? माझ्या भाडेकरूने छताच्या गळतीबद्दल अख्खा पावसाळा मौन पाळले आणि घर सोडताना फुगलेल्या कपाटाची भरपाई मागितली.

जुनी किल्ली: कुलपाचा मुद्दा दोघांनीही सोयीस्करपणे टाळला. आधीच्या भाडेकरूने परत केलेल्या किल्ल्या सगळे मोजतात, त्याने आणखी किती करून घेतल्या हे कोणी विचारत नाही. मी राहायला गेल्यावर त्याचा भाऊ स्वतःच्या किल्लीने दार उघडून ‘राहिलेले सामान’ न्यायला आत आला, आणि मालक म्हणाले, “ओळखीचाच आहे.” अनेक कुलपांचा नुसता सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो आतला भाग, बदलता येतो, तेवढेही मालकांकडून होत नाही.

दोन घरांचा धनी: मग घ्या बदलून, आणि एक किल्ली मालकाला द्या! नळ उघडा टाकून बाहेरगावी गेलेल्या माणसामुळे खालच्या घरात पाणी शिरले, तेव्हा मला दार फोडावे लागले होते.

जुनी किल्ली: आणि आमचे दुसरे मालक मी कामावर असताना ‘पंखा पाहायला’ येत असत, त्याचे काय? पाणी तुंबले तर अवश्य या. एरवी आधी कळवून या.

दोन घरांचा धनी: सगळे मालक चोर आहेत, असे एकदाचे जाहीर करून टाका.

वायरमन: किल्लीवरून भांडणाऱ्यांनी आधी घरात 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण, आहे का, ते पाहावे. एमसीबी, म्हणजे बोर्डातला नेहमीचा आपोआप पडणारा स्विच, फक्त जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो. माणसाला बसलेला विजेचा झटका एमसीबीला सहसा कळतही नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरचेही तसेच आहे, कारण त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. ही कामे मालकाचीच आहेत.

दोन घरांचा धनी: आरसीसीबी बसवतो. जनतेच्या आग्रहास्तव कुलपाचा सिलिंडरही बदलतो. मात्र किल्ली हरवली, तर बिल भाडेकरूच्या नावाने निघेल.

तिसरा मजला: मान्य. भिंतीतल्या पाइपाबद्दल मात्र आपण अजून अवाक्षरही काढलेले नाही.