आजीच्या घरातलं सामान भिंतीवर लावायचंय, पण घराचं थाळी हॉटेल नको व्हायला

नीरजा_ज

मंडळी, जरा डोकं चालवा माझ्यासाठी. आमचं आजोळ वाईला होतं, होतं म्हणजे अजून आहे पण दिवाळीनंतर पाडतायत, बिल्डरला दिलंय. मामा म्हणाला काय हवं ते उचला, उरलेलं मोडीत जाणार. मी आपली गेले टेम्पो घेऊन आणि भावनेच्या भरात काय काय घेऊन आले. आता ते सगळं आमच्या पुण्याच्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये पसरलंय आणि नवरा रोज ऑफिसातून आला की त्यावरून उडी मारून सोफ्यापर्यंत जातो. बोलत काही नाही, पण उडी जरा जास्तच उंच मारतो.

सामान असं आहे: तांब्याचा बंब, पितळी डबे सात (एकाच्या झाकणावर टिंबाटिंबांनी आजीचं माहेरचं नाव टोचलंय आणि खाली १९५३), फणेरपेटी, म्हणजे फणी-कुंकवाची आरशाची पेटी (आरसा धड आहे), पितळी फुल्यांचे दोन पाट, अडकित्ता, आजीच्या लुगड्यांची गोधडी, देवघरातलं लक्ष्मीचं जुनं छापील चित्र ज्यावर कुणीतरी साडीला खरी जर आणि टिकल्या चिकटवल्यात. आणि आईच्या रुखवतातल्या फ्रेमा. मॅटीवर भरलेले दोन पोपट, गहू आणि डाळींचा गणपती (मसूर गळून एक कान गेलाय), आणि माचिसच्या काड्यांची झोपडी, समोर निळ्या कागदाची नदी.

प्रश्न असा की हे भिंतीवर कसं लावायचं? मला हॉलची एकच भिंत करायचीये, साधारण अकरा फूट. पण ती हायवेवरची थाळी हॉटेलं असतात ना, दारात बैलगाडीचं चाक, भिंतीवर सूप, कंदील, नऊवारीतली बाहुली, तसं अजिबात नको. बिल्डिंग मिवानची आहे, खिळा ठोकला तर खिळा वाकतो. फोटो टाकायचा प्रयत्न केला पण अपलोड होत नाहीये.


ड्रिलवाला_काका

नीरजा, आधी भिंतीचं बोलू, सौंदर्याचं बाकीचे बोलतीलच. मिवान म्हणजे अख्खी भिंत काँक्रीटची, खिळ्याचा नाद सोड. हॅमर ड्रिल लागेल, सहा एमएमचं बिट, प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू. साधं ड्रिल घेऊन सोसायटीचा इलेक्ट्रिशियन आला तर त्याला चहा देऊन परत पाठव, अर्धा तास नुसता किंचाळत बसेल आणि भोक अर्ध्या इंचाचं. फायदा असा की एकदा गिट्टी बसली की वजन बिनधास्त पेलते. ज्यांच्याकडे ते पांढरे हलके ब्लॉक असतात त्यांना उलट त्रास, भोक लोण्यासारखं पडतं आणि फ्रेम महिन्याने खाली.

महत्त्वाचं, मिवानमध्ये वायरिंगचे पाइप काँक्रीटच्या आतच टाकलेले असतात. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नकोस. आमच्याकडे एकाने पाडलं, दोन दिवस अर्ध्या घरात अंधार आणि भिंत फोडून दुरुस्ती. भोकाच्या खाली पोस्टाचं जुनं पाकीट उघडं करून चिकटवायचं, सगळी धूळ त्यात पडते, बायको खूश.

आणि उंची. आपल्याकडे सगळे लोक फ्रेमा फार वर लावतात, वाड्याची सवय. वाड्यात फोटो आढ्याजवळ पुढे झुकवून टांगायचे कारण खाली बैठक असायची, जमिनीवर बसलेल्या माणसाला ते दिसायला हवेत. आता आपण सोफ्यावर बसतो आणि फोटो मात्र अजून पंख्याच्या लेव्हलला. फ्रेमचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांच्या आसपास ठेव. आधी वर्तमानपत्र फ्रेमच्या मापात कापून टेपने भिंतीला लाव, दोन दिवस राहू दे, येताजाता बघ, मगच भोक.

बंब भिंतीवर वगैरे नाही हां. रिकामाच सहज दहा किलो भरेल.


मृण्मयी_के

लक्ष्मीच्या चित्राबद्दल वाचून मी उठून बसले. नीरजा, खालच्या पांढऱ्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत का बघ, रवि वर्मा प्रेस आणि कार्ला-लोणावळा असं काहीतरी. असेल तर ते त्या छापखान्याचं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढला, मग तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, पुढे तिथल्याच एका जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला आणि शेवटी १९७२ मध्ये आगीत गेला. आपल्या देवघरांतली निम्मी लक्ष्मी-सरस्वती त्या मळवलीच्या दगडांवरून आलीये, दगडांवरून म्हणजे शब्दशः, लिथोचा दगड असतो, एकेका रंगाला वेगळा.

जर आणि टिकल्यांना हात लावू नकोस!! लोकांना वाटतं कुणीतरी छान चित्र खराब केलं, आता साफ करू. पण ती घरातल्या बायकांची कलाकुसर असायची, चित्र विकत आणायचं आणि मग दुपारी बसून देवीला खरी साडी नेसवायची. माझ्या आत्याकडच्या चित्रात सरस्वतीच्या गळ्यात खरे बारीक मोती होते. तुझं चित्र म्हणजे अर्धं छापखान्याचं आणि अर्धं तुझ्या कुठल्यातरी पणजीचं आहे.

काच चित्राला चिकटली असेल तर ओढू नकोस, तशीच राहू दे. चिकटली नसेल तर नवीन फ्रेम करताना चित्र आणि काच यात फट राहील असा माउंट घालायला सांग, टिकल्यांमुळे तर लागेलच. फ्रेमवाला शंभर टक्के लॅमिनेशन करून देतो म्हणेल. नाही म्हण. मी एकदा हो म्हटलंय, आजोबांचं एक सर्टिफिकेट होतं, गरम रोलरखालून आलं ते बुडबुडे घेऊनच. आणि ऊन येणाऱ्या भिंतीवर नको, बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर तर नकोच.


कसब्यातला

पितळेचं मी सांगतो, तांबट आळीत लहानपण गेलंय, सकाळी गजराच्या आधी ठोक्याने जाग यायची.

ताई, ते डबे बफिंगला देऊ नका. भांडीवाला म्हणेल मशीनवर घासून सोन्यासारखे करून देतो, आणि देईल पण. पण ते नाव टोचलेलं आहे ना, ती टिंबं उथळ असतात, बफ फिरला की निम्मं नाव गेलं. बंबावर जर मठारकाम असेल, म्हणजे ते हातोडीचे गोल गोल ठसे, तर त्याची धारही जाते आणि बंब फॅक्टरीतला दिसायला लागतो. मठार नुसता शोभेचा नसतो, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, म्हणून ती भांडी चेपत नाहीत.

घरी चिंच किंवा लिंबू मीठ लावून हाताने घासा, भरपूर पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा. मीठ राहिलं खाचेत तर दोन दिवसांत हिरवं. हिरवं म्हणजे कळंक, तो मात्र काढायचाच. बाकी तो चॉकलेटी काळपट रंग चढतो तो राहू द्या, माझं स्पष्ट मत आहे की लखलखीत पितळ भिंतीवर दुकानासारखं दिसतं. आमच्या घरात यावरून दोन पार्ट्या आहेत, आई अजून दर दसऱ्याला सगळं पितांबरीने उजळवते आणि मला आळशी म्हणते.

डब्यांत खायचं काही ठेवणार असाल तर आधी कल्हई. नुसतं कोरडं धान्य असेल तर गोष्ट वेगळी, पण लोणचं-चिंच असलं काही नको.


उपनगरी_मांजर

सगळं छान आहे पण पुसणार कोण?? मी पण असं सात वर्षांपूर्वी केलं होतं, भिंतभर. आता माचिसच्या काड्यांच्या झोपडीवर इतकी धूळ आहे की ती बर्फातली झोपडी दिसते. काचेच्या बॉक्समध्ये घाला नाहीतर घालूच नका.


मृण्मयी_के

@उपनगरी_मांजर, बर्फातली झोपडी :)) पण मुद्दा बरोबर आहे. रुखवताच्या वस्तूंना खोल फ्रेम करून घ्यायची, दीड-दोन इंच खोलीची, पुढे काच. डाळींचा गणपती तर बंदच हवा, नाहीतर पोरकिडे होतात. बंद करण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेव, आत काही असेल तर मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस, आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर पाणी सुटतं.


शशांक_न्यूजर्सी

थोडं विषयांतर, पण इथे बाहेर राहणारे बरेच जण वाचतात म्हणून लिहितो. आजीआजोबांचं सामान इकडे आणायचं असेल तर एक बघा, भारतात १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, चित्र, धातूकाम, कलाकुसर असलं देशाबाहेर न्यायला बंदी आहे, हस्तलिखितं तर पंचाहत्तर वर्षांपासूनच. घरची आहे, आजीची आहे हे चालत नाही. वस्तू जुनी दिसते पण तेवढी जुनी नाही असं असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसं प्रमाणपत्र मिळतं. मी ते न करता एक समई बॅगेत घातली होती, ती जेमतेम साठ वर्षांची, पण एअरपोर्टवर ते सिद्ध करता करता घाम फुटला. शेवटी ती भावाबरोबर घरी परत गेली आणि मी एकटाच इकडे आलो.

माझ्या भिंतीवर सध्या एकच गोष्ट आहे, डहाणूला एका कलाकाराकडून घेतलेलं वारली, कापडावर. समोर बसून काढताना बघितलं, बांबूच्या काडीचं टोक चावून ब्रश केला होता त्याने. इकडचे मित्र विचारतात प्रिंट आहे का, मग मी जवळ नेऊन दाखवतो, एका माणसाचा पाय दुसऱ्यापेक्षा जाड आहे, तिथे काडी नवीन बुडवली होती. ऑनलाइन वारलीचे स्टिकर मिळतात, नीरजा, ते तेवढे लावू नकोस प्लीज, सगळी माणसं सारखी नाचतात त्यात.


चिपळूणची_सून

गोधडीबद्दल कुणी बोललंच नाही! खिळे-क्लिपा लावू नकोस, सगळं वजन दोन-चार टोकांवर येतं आणि जुनं लुगडं तिथेच फाटतं. मागच्या बाजूला वरच्या कडेला चार इंचांचा नेफा शिव, जाड सुती कापडाचा, हाताने धावदोऱ्यानेच, मशीनने नाही. त्यातून पडद्याचा रॉड घाल. वजन सगळीकडे सारखं जातं. वर्षातले दोन-तीन महिने उतरवून ठेव, तीही दमते बिचारी.

आमच्याकडे २०२१ च्या जुलैत पाणी घरात शिरलं तेव्हा कागदाचं काही वाचलं नाही. फ्रेमा, लग्नाचे अल्बम, सासऱ्यांनी काढलेली जलरंगातली चित्रं, सगळा लगदा. पितळ मात्र चिखलातून काढून धुतलं आणि आहे तसं. गोधड्या पण वाचल्या, आठ दिवस वाळत होत्या. म्हणून सांगते, लक्ष्मीच्या चित्राचा, पोपटांचा नीट उजेडात फोटो काढून ठेव, आजच.


बुधवार_रविवार

मी फक्त एवढंच म्हणेन की आता यात बाहेरून काही विकत आणून भर घालू नका. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी वर्षानुवर्षं जातो, व्यसन आहे म्हणा, आणि सगळ्यात मोठी फजिती माझी तिथे नाही तर एका चकाचक दुकानात झाली. पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन घेतला, आजोबांच्या काळातला म्हणून, घरी येऊन खालची फळी उघडली तर आत नवीकोरी प्लायवूड आणि फुलीच्या खाचेचे चकचकीत स्क्रू. जुन्या वस्तूत स्क्रूची खाच बहुतेक सरळ असते आणि झिज हात लागतो तिथेच असते. माझ्या ग्रामोफोनची झिज कुणीतरी पॉलिश पेपरने सगळीकडे सारखी वाटून दिली होती.

नीरजाताईंच्या पाटावर बघा, मधे गुळगुळीत आणि कडेला खरखरीत असणार. तो पाट आडवा शेल्फ करून लावा, सपाट बाजू वर, फुल्या दिसतील अशा कोनात. त्याला भोक पाडू नका, खालून ब्रॅकेट द्या.


नीरजा_ज

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, तीन आठवड्यांनी उगवतेय. काय काय झालं सांगते.

वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले काकांनी सांगितल्यासारखे, तेव्हा कळलं की निम्मं सामान काढायला हवं. आता भिंतीवर मधे गोधडी, नेफा आईनेच शिवला. बाजूला लक्ष्मी, पोपट आणि झोपडी, खाली एका पाटावर फक्त तो नावाचा डबा. बाकीचे सहा डबे स्वयंपाकघरात गेले, कल्हई करून आणली, रवा पोहे भरलेत. अडकित्ता मामाच घेऊन गेला परत, त्याला लागतो. मृण्मयी, पट्टीवर कार्ला-लोणावळा आहे!! फ्रेमवाल्याने लॅमिनेशनचं विचारलंच.

गणपती आठ दिवस फ्रीजरमध्ये होता, मटारच्या पिशवीशेजारी, सासूबाईंनी उघडून बघितलं आणि काही न बोलता झाकण लावलं. त्याचा कान मी नव्या मसुरीने लावणार होते तर आई म्हणाली राहू दे, तो कान लग्नाच्या दिवशीच पडला होता, मांडवात, तुझ्या काकाने धक्का दिला होता. चाळीस वर्षं झाली त्याला, आणि मला वाटत होतं तो आत्ता पडला. तर तो एका कानानेच बंद केलाय फ्रेममध्ये.

फणेरपेटी नवऱ्याने स्वतःहून बेसिनजवळ ठेवलीये आणि तिच्यात बघून दाढी करतो, वाकून, कारण आरसा बसलेल्या माणसाच्या उंचीचा.

पण बंब अजून बाल्कनीत आहे. त्यात छत्र्या ठेवून बघितल्या, दिवा लावून बघितला, कुंडी म्हणून तर मनालाच पटेना. पुण्यात कुणाला खरोखर पाणी तापवायला हवा असेल तर सांगा. नुसता शोभेला देणार नाही.