शब्दचर्चा: 'डीजे' म्हणजे माणूस की भिंत?

दौत:
क्लबमध्ये गाणी वाजवून पोट भरणाऱ्यांसाठी लिहिलेली एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणते आहे. यंत्रं कोणती घ्यावीत, पैसे कसे ठरवावेत, कान कसे जपावेत, असा कामाचा मजकूर आहे. मिक्सर, फेडर, हेडफोन हे शब्द तसेच ठेवले, त्यावर वाद नाही. अडलं ते थेट 'डीजे'पाशी. माझं वाक्य असं होतं: 'डीजे अर्धा तास आधी पोचलेला बरा. आधीचा डीजे चालू असतानाच आवाजाचा अंदाज घेता येतो.' मुद्रितशोधक कराडचे. त्यांनी समासात लिहिलं, 'पोचवायचा कुणी? गाडीचा उल्लेख राहिला आहे.' पुढच्या पानावर 'डीजे थकला तर' याखाली नुसतं प्रश्नचिन्ह.

माणसासाठी असा शब्द हवा, की तो वाचून कराडच्या वाचकाच्या डोळ्यापुढे स्पीकर लादलेली ट्रॉली येणार नाही आणि कोरेगाव पार्कातल्या पोरांना तो म्हणायला लाज वाटणार नाही. 'संगीत संयोजक' कृपया सुचवू नका, तो वेगळा धंदा आहे.

कृष्णाकाठ:
मुद्रितशोधकांचं बरोबर आहे. आमच्या सांगली-कराड पट्ट्यात डीजे ही वस्तूच आहे. 'यंदा मंडळानं डीजे कुठला ठरवलाय?' यातला डीजे ट्रॉलीवरनं येतो. त्याला बेस असतात, टॉप असतात, म्हणजे जाड आणि बारीक आवाजाचे स्पीकर, मागं जनरेटर लागतो. तो चालवणारा तो ऑपरेटर. त्याआधी आमच्याकडं 'डॉल्बी' होता, आजही आहे. 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' ही हाक तुम्ही पेपरात वाचली असेलच. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवायला. त्यांचं नाव इकडं काचा हादरवणाऱ्या स्पीकरच्या भिंतीला चिकटलं. लोकांनी शब्द उचलला, वापरला, रुजला. माणसाला 'ऑपरेटर' म्हणा, काम भागतं.

निर्मळ:
काम कसं भागेल? ऑपरेटर क्रेनवरही असतो आणि शस्त्रक्रियेच्या यंत्रावरही. मुळाशी जाऊ. बरेच जण 'डिस्को जॉकी' म्हणतात ते चूक. डिस्को हा 'डिस्कोथेक'चा तुकडा, फ्रेंचांनी ग्रंथालयाच्या शब्दावरून घडवलेला, म्हणजे तबकड्यांचं आलय. डीजेतला 'डी' डिस्कचा आणि जॉकी म्हणजे घोडेस्वार. अमेरिकेत रेडिओवर तबकड्या लावत गप्पा मारणाऱ्या निवेदकांसाठी हा शब्द १९४० च्या आसपास रूढ झाला. म्हणजे मुळात तो क्लबचा नाहीच. आपल्याकडे रेडिओ सिलोनवर अमीन सयानी तेच करत होते, पण त्यांना कुणी डीजे म्हटलं नाही, निवेदकच म्हटलं. आपल्याकडे 'तबकडी' हा सुंदर शब्द आहे. 'तबकडीवादक' म्हणा. सावरकरांनी 'दिग्दर्शक' आणि 'महापौर' दिले तेव्हा तेही कानाला नवेच होते.

रात्रपाळी:
मी हेच काम करते, मुंबईत जास्त, पुण्यात कधीमधी. निर्मळकाका, तबकडी माझ्याकडे नाहीच. खिशात दोन पेनड्राइव्ह असतात, एक ऐन वेळी बसला तर दुसरा. क्लबमध्ये पायोनिअरचे सीडीजे, म्हणजे गाणी वाजवायची यंत्रं असतात. नावात सीडी असली तरी २०२० च्या सीडीजे-३००० ला सीडी घालायची फटच नाही. गोव्यात अंजुण्याला ऐंशीच्या दशकात रात्रभर नाच चालायचा तोही कॅसेटवर, पुढे डॅट म्हणजे डिजिटल टेपवर. त्या उन्हात आणि धुळीत तबकड्या कोण नेणार? मग 'तबकडीवादक' आज नक्की कुणाला म्हणायचं?

आणि कृष्णाकाठ, 'ऑपरेटर'ही नको. ऑपरेटर आवाज सांभाळतो, त्यालाही अक्कल लागते, त्याबद्दल आदर आहे. पण पुढचं गाणं कोणतं आणि ते कधी, हे ठरवणं माझं काम. ते या शब्दात येत नाही. मी डीजे आहे म्हटल्यावर आत्याने विचारलं होतं, 'ट्रॉली स्वतःची का गं, की भाड्याची?' अगदी मनापासून विचारलं तिने. त्यामुळे दौतताईंचा प्रश्न माझ्या घरातलाच आहे.

तीनताल:
माझा आक्षेप 'तबकडी'ला नाही, 'वादक'ला आहे. वाद्य वाजवतात, गाणं लावतात. रेडिओ लावला, टेप लावली, गाणी लावली. घरी पोळ्या लाटताना आई गाणी लावते, तिला आपण वादक म्हणत नाही. हातावर घट्टे पडेपर्यंत रियाज केलेल्यांसाठी तो शब्द राखून ठेवावा.

कर्मणी:
'लावणे' हे 'वाजवणे'पेक्षा हलकं कधीपासून झालं? तंबोरा लावतात. तबला लावतात, तुम्हीच लावता. सूर लावतात, आणि तो लागला की वाहवा मिळते. मराठीत नीट जागेवर आणून ठेवण्याला 'लावणे' म्हणतात. मला तर या कामासाठी तेच क्रियापद नेमकं वाटतं.

रात्रपाळी:
कर्मणी, हे वाचून फार बरं वाटलं. तीनताल, तुमचा राग समजतो, पण प्रत्यक्ष काय चालतं ते सांगते.

समजा बाहेर १२४ ठोक्यांचं गाणं चालू आहे, मिनिटाला १२४. पुढचं मला १२८ चं आणायचंय. ते फक्त माझ्या हेडफोनमध्ये चालू करायचं, एका कानावर. दुसरा कान उघडा, बूथमधल्या स्पीकरकडे. मग यंत्राच्या उजवीकडची वेगाची पट्टी खाली-वर सरकवून नव्या गाण्याची लय साधारण तीन टक्क्यांनी उतरवायची. बास ड्रमचे ठोके एकावर एक बसले की दोन्ही कानांत मिळून एकच ठोका ऐकू येतो. नाही बसले तर एका उखळात कांडताना दोघींची मुसळं चुकतात तसं होतं, आणि ते नाचणाऱ्यांना आपल्या आधी कळतं. बसले, की जुन्या गाण्याचा बास हळूहळू काढायचा आणि नव्याचा आणायचा. दोन्ही बास एकदम ठेवले की सगळा चिखल. २०१२ पासून यंत्रात हे आपोआप जुळवणारं सिंकचं बटण आलंय. ते वापरावं की नाही यावर आमच्यात तुमच्यापेक्षा मोठी भांडणं होतात. मी कानाने जुळवते, कारण बटण ठोका जुळवतं, पण गाण्याचा कुठला भाग कशावर येतोय ते त्याला कळत नाही.

तीनताल:
तुम्ही शेवटी म्हणालात ते महत्त्वाचं. ठोका जुळला म्हणजे सम जुळली असं नाही. दोन तबलजी एकाच लयीत असूनही एकाची सम दुसऱ्याच्या 'खाली'वर, म्हणजे बिनटाळीच्या मात्रेवर आली तर गोंधळ होतो. तुमच्याकडे ते चार-चारच्या पटीत असतं ना?

रात्रपाळी:
हो. बहुतेक क्लबच्या संगीतात ३२ ठोक्यांनी वळण येतं, त्या तुकड्याला आम्ही 'फ्रेज' म्हणतो. जुन्या गाण्याचं वळण आणि नव्याची सुरुवात एकाच ठोक्यावर आली पाहिजे.

तीनताल:
मग त्याला 'आवर्तन' म्हणा आणि पहिल्या ठोक्याला सम. हे शब्द तयार आहेत, उगीच 'फ्रेज' कशाला? दौतताई, हे नक्की घ्या. 'वादक'बद्दलचं माझं मत मात्र तेच.

दौत:
'आवर्तन' घेते, आभार. पण मूळ प्रश्न तसाच आहे. पुस्तिकेत कायद्याचंही प्रकरण आहे आणि तिथे घोटाळा वाढतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्याखाली मी लिहिलं, 'डीजेवर कारवाई होऊ शकते.' कुणावर? आणि पुढच्याच पानावर डीजेच्या कानांचं: ८५ डेसिबलला आठ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. एकच शब्द एका पानावर आरोपी आणि दुसऱ्या पानावर रुग्ण.

कर्मणी:
शब्द न बदलताही भेद दाखवता येतो, मराठीत ती सोय आहे. 'मंडळाने डीजे आणला' म्हटलं की वस्तू. 'मंडळाने डीजेला आणलं' म्हटलं की माणूस. सजीव कर्माला आपण 'ला' लावतो, निर्जीवाला सहसा नाही. 'पंख्याला आणलं' म्हणत नाही, 'मुलाला आणलं' म्हणतो. कर्त्याच्या जागी असेल तर आदरार्थी बहुवचन आहेच: 'डीजे आला' आणि 'डीजे आले'. कराडच्या मुद्रितशोधकांना 'डीजे अर्धा तास आधी पोचलेले बरे' दिलं असतं तर ट्रॉली आली नसती.

कृष्णाकाठ:
दोन ट्रॉल्या आल्या असत्या! अनेकवचनही तसंच दिसतं. आणि 'डीजेला परवानगी नाकारली' हे दर वर्षी छापून येतं, त्यात 'ला' आहे आणि माणूस नाही.

कर्मणी:
तिथे 'डीजे' कर्म नाही, 'परवानगी' कर्म आहे. 'रस्त्याला निधी मिळाला' म्हटल्याने रस्ता सजीव होत नाही. अनेकवचनाचं मान्य, तिथे संदर्भच लागतो.

लंडनकर:
हा घोळ फक्त आपला नाही. जमैकात 'डीजे' म्हणजे माइक धरून तालावर बोलणारा. तबकडी निवडून लावणारा वेगळा, त्याला 'सिलेक्टर' म्हणतात. आणि ज्या खोक्यांच्या भिंतीला कृष्णाकाठ डीजे म्हणतात, ती 'साउंड सिस्टिम'. तिला स्वतःचं नाव असतं, तिचे भक्त असतात, दोन सिस्टिमींची झुंजही लागते. किंग टबींच्या सिस्टिमवर यू-रॉय बोलायचे, ते डीजे. इकडे लंडनला नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये रस्त्यावर अशा सिस्टिमी लागतात तेव्हा मला सांगलीची मिरवणूक आठवते. जमैकातून न्यूयॉर्कला गेलेल्या कूल हर्क यांनी ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समध्ये बहिणीने ठेवलेल्या पार्टीत गाणी लावली. हिपहॉपचा जन्म तिथला धरतात. म्हणजे मोठी खोकी, माणूस आणि शब्द हे तिन्ही एकत्रच प्रवासाला निघालेत. कराडकरांनी शब्द बिघडवला असं म्हणता येणार नाही, त्यांनी त्यातला एक भाग धरला. मला विचाराल तर 'निवडकार' म्हणा. निवड हीच खरी कला.

निर्मळ:
'निवडकार' ऐकून तांदूळ डोळ्यापुढे येतात. त्यापेक्षा 'संकलक' घ्या. चित्रपटात तो तुकडे निवडून जोडतो, इथेही तेच.

रात्रपाळी:
संकलक एकटा खोलीत बसून, मागे-पुढे करून जोडतो. माझ्यासमोर माणसं उभी असतात. अकरा वाजता रिकाम्या फ्लोअरसमोर सुरू करायचं, पहिला तास कुणाला थेट नाचायला न लावता नुसतं खुर्चीतून उठवायचं, आणि मुख्य कलाकारासाठी रात्र तापवून ठेवायची. सगळ्यांना माहीत असलेली गाणी त्याच्या आधी संपवली तर पुढच्या वेळी बोलावणं येत नाही. हे संकलन नाही.

धंतोली:
नागपूरहून. तुमच्या यादीत तिसरा अर्थ राहिला. आमच्याकडे पोरं विचारतात, 'या गाण्याचं डीजे आहे का बे?' म्हणजे जोरदार ठेका घातलेली आवृत्ती. तो डीजे नपुंसकलिंगी. वरातीत आधी धुमाल, म्हणजे ढोलवाद्यांचा ताफा असायचा, आता डीजे, आणि त्यावर वाजतं तेही डीजे.

दौत:
तिसरा अर्थ ऐकून मी हताश झालेय. तूर्त 'क्लब डीजे' आणि 'मिरवणुकीचा डीजे' असे जोडशब्द वापरून पुढे जाते. आता 'रेसिडेंट'ला काय म्हणू? दर शनिवारी त्याच क्लबात वाजवणारा, ती खोली आणि तिथली माणसं ओळखणारा. 'निवासी' लिहिलं तर निवासी डॉक्टर आठवतात. आणि 'गिग'साठी, म्हणजे ठरलेल्या एका रात्रीच्या कामासाठी 'सुपारी' लिहिलंय, ते चालेल ना?

निर्मळ:
'सुपारी' अजिबात नको. वर्तमानपत्रांनी तो शब्द खुनाला बांधून टाकला. 'कार्यक्रम' लिहा, पैशाला 'मानधन'.

रात्रपाळी:
आमच्यात सगळे सुपारीच म्हणतात, मी पण. 'शनिवारची सुपारी आहे' यात कुणालाही खून दिसत नाही. 'मानधन' मला खरं तर खटकतं. मान वेगळा, धन वेगळं. मी कामाचे पैसे घेते.

तीनताल:
आमच्याकडे 'बिदागी'. ती मैफल झाल्यावर.

रात्रपाळी:
झाल्यावर मिळेल या भरवशावर मी घराबाहेर पडत नाही. आधी इसार.

निर्मळ:
इसार जमिनीच्या व्यवहाराचा शब्द. कलेच्या बाबतीत तो वापरणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ:
तो बँडवाल्यांचाही शब्द आहे, आणि तमाशाच्या फडांचाही. आमच्या मामांचा बँड होता. त्यांच्या वहीत 'सुपारी' या रकान्यात तारीख आणि गाव लिहायचे, रक्कम नाही. रक्कम पुढं दोन रकान्यांत, 'इसार' आणि 'बाकी'. म्हणजे सुपारी हा पैसा नव्हे, दिलेला शब्द आहे. निर्मळ, तुमचं 'मानधन' यातल्या कुठल्या रकान्यात लिहायचं तेवढं सांगा.