वीज कंपन्या एकत्र झाल्या तर कंत्राटी माणसाचं आणि बिलाचं काय?

सुतारमळा_कोल्हापूर:
माझा धाकटा भाऊ सबस्टेशनवर कंत्राटी यंत्रचालक आहे. ठेकेदार बदलतात, तो तिथंच असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कुठली डीपी आधी बुडते, कुठला फीडर (भागाला वीज नेणारी लाइन) कधी बंद करायचा, हे त्या पोरांना तोंडपाठ होतं. उद्या एका कंपनीनं दुसरी घेतली, तर पहिली कात्री यांनाच लागेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर, म्हणजे धोक्याच्या पातळीवर गेलं की आमच्या गल्लीत काय होतं, हे लांबच्या कंट्रोल रूमला काय कळणार? शिवाय खरेदीचा बोजा आमच्या बिलात येईल, ही धास्ती वेगळीच. आत्ताच काय करून ठेवता येईल, म्हणून विचारतेय.

जुना_वायरमन:
ताई, मी जुन्या राज्य वीज मंडळातला. ६ जून २००५ ला मंडळाच्या चार कंपन्या झाल्या, तेव्हा विद्युत कायदा २००३ चं कलम १३३ पाठीशी होतं. सेवाशर्ती आधीपेक्षा कमी करता येणार नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. पण ते मंडळाच्या नोकरांपुरतं. ठेकेदाराच्या पोरांना त्याचा आधार नाही. कायम माणसांच्या युनियननं या पोरांच्या नोकरीची मागणी आपली म्हणून धरली नाही, तर ती कुणीच धरणार नाही.

शाहूपुरी_ग्राहक:
त्याच कायद्याचं कलम १७ बघा. राज्य वीज नियामक आयोगाच्या पूर्वमंजुरीशिवाय एका परवानाधारक वीज कंपनीला दुसरीचा व्यवसाय घेता येत नाही की त्यात विलीन होता येत नाही. तसा करार रद्दबातल ठरतो. २०१८ मध्ये मुंबई उपनगरातला रिलायन्सचा वीजव्यवसाय अदानींकडे गेला, तोही याच आयोगाच्या मंजुरीनंच. जोर तिथंच लावायचा. पत्रकार परिषदेतल्या शब्दावर विसंबू नका, मंजुरीच्या आदेशातच अट मागा. प्रत्येक सबस्टेशनवरचे कंत्राटी कामगार नव्या ठेक्यातही कायम राहतील, तक्रार निवारण आणि दुरुस्तीची माणसं जिल्ह्यातच राहतील, आणि मालमत्तेच्या हिशेबी किमतीपेक्षा जास्त मोजलेला पैसा दरात धरला जाणार नाही. हे शेवटचं सोडू नका, कारण सगळ्या ग्राहकांना एकत्र आणणारा मुद्दा तोच आहे. दरवाढीसाठी कलम ६४ आहेच: अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात. हरकत मराठीत दिली तरी चालते.

सुतारमळा_कोल्हापूर:
पण भाऊ तिथंच राबतोय याचा पुरावा काय? हजेरीवही ठेकेदार घेऊन जातो.

जुना_वायरमन:
पीएफचं पासबुक काढून ठेवायला सांगा. ठेकेदार बदलला तरी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच राहतो, कुणी कुठल्या महिन्यात पैसे भरले ते त्यात दिसतं. गेटपास, ओळखपत्र आणि शिफ्टच्या लॉगबुकातल्या त्याच्या सहीच्या पानांचे फोटोही हवेत. एकट्यानं नको, त्या सबस्टेशनवरच्या सगळ्यांनी मिळून करा.