मदत हवी आहे : नगर पथविक्रेता समितीत आमची माणसं कशी जातात?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावचे. आईची एसटी स्टँडबाहेर कडक भाकरी आणि शेंगाचटणीची गाडी आहे. नगरपरिषदेनं केलेल्या विक्रेत्यांच्या सर्वेक्षणाची पावती तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गल्ल्यात जपून ठेवली आहे. आता गाड्या स्टँडपासून हलवायचं चाललंय आणि ‘समितीनं ठरवलं’ एवढंच उत्तर मिळतं. समिती म्हणजे नगर पथविक्रेता समिती, रस्त्यावरच्या विक्रेत्यांचे प्रश्न पाहणारी. समितीत कोण आहे, ते मात्र कुणी सांगेना.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यात मी वाचलं की समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले हवेत आणि त्यात एक तृतीयांश महिला. स्वयंसेवी व स्थानिक संस्थांनाही किमान १० टक्के जागा. आमच्याकडे मतदान झाल्याचं एकाही गाडीवाल्याला आठवत नाही. नेहमीचीच पुढारी मंडळी आत बसवली असणार, असा माझा अंदाज. कागद हाती येईपर्यंत जाहीर बोलणार नाही.

बार्शी, पंढरपूर, सांगोल्याकडच्या कुणी हे जवळून पाहिलंय का? मतदारयादी कुठं लावतात, हरकत कुणाकडं द्यायची? माहिती अधिकारात सदस्यांची यादी, निवडणुकीचे कागद आणि बैठकांची इतिवृत्तं मागणार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणलंय. आणखी काय मागू? उत्तराला तीस दिवस लागू शकतात, तोवर गाडी हलवली तर अडवायचं कसं, हेही सांगा. वकिलाकडं आत्ताच जायची आईची तयारी नाही.