बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला मायनर कोणता घ्यावा? माझं मत: रसायनशास्त्र

पळसफुली

परवा दारव्ह्याहून मामेबहिणीचा फोन आला. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं, मेजर बायोकेमिस्ट्री, आणि सोमवारपर्यंत मायनरचा, म्हणजे मेजरच्या जोडीच्या दुय्यम विषयाचा, फॉर्म भरायचा आहे. तिच्या कॉलेजात तीन पर्याय आहेत: रसायनशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, प्राणिशास्त्र. वर्गातली एकही मुलगी रसायन घ्यायला तयार नाही. का, तर "ताई, केमिस्ट्रीत बॅक राहतात."

हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका गावातली. माझ्या वेळी मायनर वगैरे नव्हतं, तीन विषयांचा ग्रुप असायचा. पदवीला मार्क चांगले पडले. मग नागपूरला एम.एस्सी.ला गेले. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं, पीएच ७.४ चा, ०.१ मोलर फॉस्फेट बफर (पीएच, म्हणजे आम्लता, सहजी बदलू न देणारं द्रावण) अर्धा लिटर करून ठेव. मी तराजूसमोर उभी राहिले. बफरचा पीएच काढायचं हेंडरसन-हॅसलबाल्कचं समीकरण तोंडपाठ होतं. फॉस्फेटचा पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा) ७.२, म्हणजे दोन क्षारांचं प्रमाण साधारण ६१ ला ३९, हे मात्र काढता येईना. बारावीला गणित सोडलेलं, लॉग म्हटलं की पोटात गोळा. शेजारच्या मुलीनं दोन मिनिटांत काढून दिलं. तिनं बी.एस्सी. केमिस्ट्री केलं होतं.

ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडण्याच्या, दहा पायऱ्या मी झोपेत म्हणू शकत होते. त्या दहातल्या तीनच पायऱ्या उलट्या का फिरत नाहीत, हे कोणी विचारलं असतं तर गप्प बसले असते. ते कळायला मुक्त ऊर्जेचं गणित लागतं, आणि ते भौतिक रसायनात शिकवतात.

म्हणून सांगते. पहिली दोन वर्षं रसायन आणि आकडेमोड पक्की करा. एन्झाइम त्यानंतर, चयापचय त्याच्याही नंतर, आणि जनुकं, प्रतिकारशक्ती वगैरे शेवटी. पाया सोडून वरचा मजला पाठ करता येतो, पण त्यावर उभं राहता येत नाही.

वावरधनी

ताई, तुमचं लिहिणं मनापासून हाय, पण बापाच्या बाजूनं पाहा. माही पोरगी हेच करून राहिली, बायोकेमिस्ट्री. पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. तीन वर्षांनी तिच्या हाती काही लागलं पाह्यजे. डी.एम.एल.टी., म्हंजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून तालुक्याच्या पॅथॉलॉजीत लागली तरी घरून जाणं-येणं होते. नागपूरची एम.एस्सी., होस्टेल, मेस, हे आमच्याच्यानं होत नाही.

त्या कामाले रसायनातले बाण अन् षटकोन कायले लागते? रक्त घेता यावं, मशीन चालवता यावी, जंतू वळखता यावे. मंग मायक्रोबायोलॉजी घेतली त बरं नाही का? वरून रसायनात बॅक राहिली त वर्ष जाते. सोयाबीन एक सालं बुडालं त दुसऱ्या साली पेरता येते, पोरीचं वर्ष गेलं का सोयरे विचारू लागते, "अजून शिकतेच का?" तुम्ही शिकल्या, चांगलं झालं. पण समद्यांचं तसं होत नाही.

निळी बस

मी अशाच वर्गातली आहे, त्यामुळे मला बोलावंच लागेल. बारावीपर्यंत मानव विकासची निळी बस दारात येत होती, फुकट. आता लाल गाडी, अर्धं तिकीट, आणि गावाकडं परत येणारी शेवटची गाडी सव्वापाचला. रसायनाच्या प्रॅक्टिकलची दुसरी बॅच अडीचला सुरू होते. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास. दोन क्रेडिटचं असेल तर पंधरा आठवडे, दर आठवड्याला चार तास. अडीचला सुरू करून चार तास म्हणजे साडेसहा. मी घरी कशी जाऊ?

विषय अवघड म्हणून नाही हो, गाडी नाही म्हणून आम्ही प्राणिशास्त्र घेतो. त्याची बॅच सकाळी आहे. "पोरी रसायनाला घाबरतात" असं कोणी म्हटलं की वाईट वाटतं.

काचनळी

मी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. वावरधनी काकांना सांगायचं आहे, कारण ज्या खुर्चीवर त्यांना मुलगी बसलेली बघायची आहे त्याच खुर्चीवर मी रोज बसतो.

२०१७ चा हंगाम आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. कपाशीवर फवारणी करणारी माणसं रांगेनं दवाखान्यात येत होती. तोंडाला फेस, बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या, घामानं अंग ओलं. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर डॉक्टर सिरम कोलिनेस्टरेज मागवतात. ते विष काय करतं? ॲसिटिलकोलिनेस्टरेज या एन्झाइममध्ये सेरीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. त्याच्या ऑक्सिजनवर विषातला फॉस्फरस जाऊन घट्ट बसतो आणि एन्झाइम बंद पडतं. प्रॅलिडॉक्सिमचं इंजेक्शन तो फॉस्फरस ओढून काढतं. उशीर झाला तर त्या फॉस्फरसला चिकटलेला एक गट गळून पडतो, बंध पक्का होतो आणि मग औषधाचा उपयोग राहत नाही. वेळ का महत्त्वाची, याचं उत्तर काका तुम्ही म्हणता त्या बाणांत आहे.

इंजेक्शन डॉक्टर देतात, मी नाही. पण नमुना तासभर उन्हात राहिला, नळीत रक्त फुटलं, अभिकर्मक जुना झाला, तरी मशीन आकडा छापतंच. तो खरा की खोटा हे मशीन सांगत नाही. ते ओळखायला प्रकाश किती शोषला जातो आणि त्याचा तीव्रतेशी काय संबंध, हे समजलेलं लागतं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तेच. आपल्या भागात गावोगाव तपासण्या चालू आहेत, देशाची मोहीम २०२३ पासून आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एक ऋण भार कमी होतो, म्हणून इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या दाबानं रेणू वेगळे करायच्या तपासणीत) हा पट्टा मागं राहतो. पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हेच दाखवलं आणि या आजाराला रेणूचा आजार म्हटलं. पट्टा कुठं आहे हे कोणीही बघून सांगेल. मागं का राहिला हे कळणाऱ्या माणसाच्या हातून वाहक आणि रुग्ण यांची अदलाबदल होत नाही. त्या एका रिपोर्टवर पुढं कोणाचं लग्न ठरतं, कोणाचं मोडतं.

माझा पाठिंबा पळसफुलीताईंना. पण निळी बसनं सांगितलेलं खोडून काढता येत नाही.

तासिका

मी एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, विषय बायोकेमिस्ट्री. पळसफुलीताई, तुमचा क्रम पुस्तकात बरोबर आहे. आता एक सरळ प्रश्न विचारते, राग मानू नका. तुमच्या त्या तीन विषयांच्या ग्रुपात रसायन होतं ना? माझा अंदाज आहे, होतं. मग तरीही बफर का करता आला नाही?

कारण फॉर्मवर विषयाचं नाव लिहिल्यानं विषय येत नाही. मी पाहिलेल्या एका कॉलेजात भौतिक रसायन शिकवणारं माणूस दिवाळीनंतर नेमलं गेलं. तोवर पोरांनी गाईडमधून "इम्पॉर्टंट" केलं. टायट्रेशन एकानं केलं, बाकीच्यांनी वाचनं उतरवून जर्नल भरलं. असं रसायन घेऊन कोणाचं भलं होणार? त्याच कॉलेजात मायक्रोबायोलॉजीचा विभाग जिवंत होता. ऑटोक्लेव्ह चालू, इनक्युबेटर चालू, आणि पोरांच्या हातून स्वतः काम करून घेणाऱ्या मॅडम. तिथं मुलगी विहिरीच्या पाण्याचा नमुना आणते, तनुकरण करते, वसाहती मोजते, लॉगमध्ये आलेख काढते. आकडेमोड तिथंही होते, आणि ती हातानं होते.

माझं मत असं: ज्या विभागात शिकवणारं माणूस आहे आणि उपकरणं चालतात, तो मायनर घ्या. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजात हाच पहिला निकष ठेवावा लागतो. पुण्या-मुंबईचा क्रम उचलून इथं लावला की त्याची शिक्षा इथल्या पोरींना होते. आयआयटीच्या जॅमची, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेशाची, बायोटेक्नॉलॉजीची परीक्षा द्यायची म्हटलं तरी त्यात सूक्ष्मजीवशास्त्र आहेच.

पळसफुली

तासिकाताई, अंदाज बरोबर आहे. रसायन होतं. मी ते पास होण्यापुरतं केलं आणि जर्नल उतरवलं. हे धाग्यात आधीच लिहायला हवं होतं.

पण यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. रसायन नीट शिकवलं जात नाही, म्हणून ते घेऊ नका, असं म्हटलं की तो विभाग कायमचा मोडतो. मागणीच नाही तर जागा कोण भरणार? आणि जॅमचं म्हणाल तर त्याच पेपरात बारावीच्या पातळीचं रसायन, गणित आणि भौतिकशास्त्रही विचारतात. आमच्या पोरी मार्क गमावतात ते तिथं, सूक्ष्मजीवांत नाही.

वावरधनी काका, तुम्ही म्हणता ते घर मी पाहिलेलं आहे, माझंही तसंच होतं. मी एम.एस्सी.साठी आग्रह धरत नाही. तीन वर्षांत पदवी घेऊन थांबता येतं, चौथं वर्ष ऑनर्सचं, ते नको असेल तर नको. पण काचनळीदादांनी सांगितलं तसं पॅथॉलॉजीतही हेच लागतं. तुमच्याच गोठ्यातलं घ्या. सरकीची ढेप गाईला चालते, कोंबड्यांना घातली तर त्रास होतो. सरकीतलं गॉसिपॉल प्रथिनातल्या लायसिनला धरून बसतं. गाईच्या कोठीपोटात ते बरंचसं बांधलं जातं, कोंबडीला तशी सोय नाही. हे कळायला कोणता गट कोणत्या गटाला का धरतो, तेवढंच समजावं लागतं. तुमची मुलगी हे तुम्हाला समजावून सांगेल तेव्हा रसायन कशाला लागतं, हे तीच सांगेल.

निळी बस, तुझ्या गाडीचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. "घाबरतात" असा माझ्या लिहिण्याचा सूर होता, तो चुकला.

वावरधनी

ढेपीचं खरं हाय. कोंबड्याले घालत नाहीत हे आमची माय सांगे, कारण आज समजलं. पण ताई, बॅक राहिली तर काय, याचं उत्तर अजून भेटलं नाही.

काचनळी

काका, बॅक राहिलेला पेपर पुन्हा देता येतो, माझेही दोन राहिले होते. त्यापायी अख्खं वर्ष जाईलच असं नाही. तिच्या कॉलेजचा नियम काय आहे हे ऑफिसात जाऊन तुम्हीच विचारा. बापानं विचारलं की नीट सांगतात.

तासिका

निळी बससाठी, कारण तिचा प्रश्न सगळ्यांत खरा आहे. सोमवारच्या आत पाच-सहा जणींनी मिळून विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या. बाहेरगावच्या मुलींची बॅच सकाळी ठेवावी, आणि चार तास सलग न घेता दोन-दोन तासांचे दोन दिवस करावेत. एकटीनं तोंडी सांगितलं तर हो-हो म्हणून विसरतात, कागदावर आवक क्रमांक पडला की वेळापत्रक हलतं. मी हे होताना पाहिलं आहे.

बॅच मिळाली तर रसायन घ्या. मी इतकी मागं येते. नाही मिळाली तर मायक्रोबायोलॉजी घ्या, पण त्यातही प्लेट दुसऱ्या दिवशी पाहावी लागते, लागोपाठ दोन दिवस यावं लागेल हे धरून चाला. आणि ओपन इलेक्टिव्ह विज्ञानाबाहेरचंच घ्यावं लागतं, तेव्हा वाणिज्यकडं सांख्यिकी असेल तर तेच उचला. सगळ्या पोरी सोपं म्हणून भलतंच काहीतरी घेतात आणि ते क्रेडिट वाया जातं.

पळसफुली

सांख्यिकीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सरासरी आणि प्रमाण विचलन वाणिज्यवाल्यांनी शिकवलं तरी तेच असतं.

रसायन मायनर म्हणून मिळालंच नाही, तर स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर भौतिक आणि सेंद्रिय रसायनाचे कोर्स आहेत, नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत एका सत्राच्या चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, पण कोर्स सुरू करायच्या आधी कॉलेजची मान्यता लेखी घ्या. नंतर धावपळ करून काही होत नाही. व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर उतरवून ठेवा, गावात रेंज नसते.

पण व्हिडिओ पाहून पिपेट हातात बसत नाही, एवढं तासिकाताईंचं मला पूर्ण मान्य आहे.

निळी बस

अर्ज लिहिला. आम्ही सात जणी आहोत, दोघी दिग्रसच्या बाजूच्या. उद्या देतो. सरांनी सकाळची बॅच दिली तर मी रसायन भरते. बाबांना ढेपीचं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण फॉर्मचे पैसे काढून ठेवले.

एकच भीती आहे. मला मोल म्हणजे काय हे अजून नीट समजलेलं नाही. बारावीत पाठ केलं होतं. हे इथं लिहायलाही लाज वाटते.

पळसफुली

रविवारी सकाळी मामेबहिणीला फोनवर शिकवणार आहे, तूही ये, निरोप पाठव. वही आणि लॉगचा तक्ता घेऊन बस. मिठापासून सुरू करू: ५८.५ ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल. घरातल्या तराजूवर तेवढं मोजून एका वाटीत काढून ठेव, मग पुढचं बोलू.