पाथ डिपेंडन्सला मराठीत काय म्हणायचं? चाकोरी की पायंडा?

पर्यटनातून गरिबी कमी होते का, यावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि त्यात पाथ डिपेंडन्स हा शब्द सारखा येतोय. अर्थ असा की आधी घेतलेला निर्णय पुढच्या निर्णयांना बांधून ठेवतो, नंतर दुसरी वाट चांगली दिसली तरी तिकडे वळणं महागात पडतं. मी पथावलंबित्व लिहिलं होतं पण त्यातून वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही. लेखातलं उदाहरण मालदीवचं आहे. तिथे पहिलं रिसॉर्ट १९७२ मध्ये एका निर्जन बेटावर सुरू झालं, आणि मग एक बेट एक रिसॉर्ट हीच पद्धत पडली, पाहुणे एकीकडे आणि गावं दुसरीकडे. धार्मिक चालीरीती सांभाळायच्या म्हणून ते बऱ्याच जणांना पटलंही असेल, पण गावातल्या माणसाला घरची खोली भाड्याने देणं, खानावळ टाकणं, होडीतून फिरवणं हे सगळं बंदच झालं ना. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद :
चाकोरी घ्या की! मूळ अर्थ बघा, बैलगाड्यांच्या चाकांनी मातीत पडलेली खाच. पहिली गाडी कुठूनही जाऊ शकते, पण दहावी गाडी त्याच खाचेतून जाते आणि जाताना ती आणखी खोल करते, म्हणजे तुमच्या त्या शब्दात जे आहे ते सगळं यात आहे. विमानतळ, जेटी, बँकेचं कर्ज, ट्रेनिंग, सगळं मोठ्या रिसॉर्टच्या मापाने एकदा उभं राहिलं की छोट्या माणसाला त्यात शिरायला जागाच कुठे राहते.

प्रतिसाद :
चाकोरी सुंदर आहे पण आज तिचा अर्थ कंटाळवाणं रुटीन असा झालाय, चाकोरीबाहेरचं म्हटलं की लोकांना वेगळं, हटके असंच वाटतं. शिवाय खाच आपोआप पडते, निर्णय आपोआप होत नाही, कोणीतरी घेतलेला असतो. म्हणून मी पायंडा म्हणेन. पायंडा पाडणारा कोणीतरी असतो, आणि चांगलाही पाडता येतो. रवांडात गोरिला बघायला येणाऱ्यांकडून राष्ट्रीय उद्यानांना जे उत्पन्न मिळतं त्यातले ५ टक्के आसपासच्या गावांना द्यायचं २००५ मध्ये ठरलं, २०१७ मध्ये त्याचे १० टक्के झाले. आधीचा ५ टक्क्यांचा पायंडा होता म्हणून १० मागता आले, शून्यावरून १० मागणं फार कठीण गेलं असतं.

मूळ प्रश्न विचारणारी :
हे पटलं, दोन्ही ठेवते. पहिल्या निर्णयाला पायंडा आणि त्यातून नंतर जे घट्ट होत जातं ती चाकोरी, आणि पहिल्यांदा येईल तिथे गाडीच्या खाचेचं एका वाक्यात सांगते म्हणजे रुटीनचा घोळ होणार नाही. मालदीवलाही हे नीट लागू पडतं, २००९ च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसला मोकळीक मिळाली, पायंडा बदलला, पण जुनी चाकोरी तशीच खोल आहे, मोठी रिसॉर्ट आहेत तिथेच आहेत आणि गेस्टहाऊसवाल्यांना पाहुण्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा तुकडा राखून ठेवावा लागतो.

आता एकच अडलंय, लीकेज. पाहुण्याचा पैसा परदेशी कंपनी आणि आयात मालावाटे देशाबाहेर जातो ते. मी झिरपणे लिहिलं होतं, पण पैसा खालपर्यंत झिरपतो हे आपण चांगल्या अर्थाने म्हणतो, इथे अगदी उलटं होईल. गळती लिहितेय, कोणाला खटकत असेल तर आजच सांगा.