मदत हवी आहे: वन-पीस आणि स्कर्टच्या आत घालायची स्लिप - कापड कुठलं, रंग कुठला, लांबी किती?

नवी_नागपूरकर

नमस्कार मंडळी. ठाण्याहून बदली होऊन नागपूरला आलेय. ऑफिसला बहुतेक वेळा वन-पीस किंवा गुडघ्याखाली येणारे स्कर्ट घालते. ठाण्यात आत काही घालायचा विचारच कधी केला नव्हता, तिथे घामाचीच काळजी जास्त. इथे थंडी सुरू झाल्यापासून तीन कपड्यांनी वैताग आणलाय.

पहिला जॉर्जेटचा स्कर्ट, पॉलिएस्टरचा. अस्तर आहे पण मांडीपर्यंतच. खाली स्टॉकिंग्ज घातले की चालताना चटचट आवाज येतो आणि स्कर्ट दोन्ही पायांच्या मध्ये जाऊन बसतो. लिफ्टमधून बाहेर पडताना दर वेळी ओढून सोडवायचा.

दुसरा ऑफव्हाइट सुती वन-पीस, समोर बटणांचा. घरच्या आरशात अगदी सभ्य. पार्किंगमध्ये मैत्रीण हळूच म्हणाली, "अगं, सावलीत ये." म्हणजे कळलंच.

तिसरा रेयॉनचा, प्रिंट असलेला. आरपार दिसत नाही, पण इतका लुळा पडतो की आतल्या कपड्यांची प्रत्येक कड वरून मोजता येते.

आई म्हणते, जुना परकर गुडघ्यापर्यंत काप आणि घाल. पण परकराचा घेर जास्त, आणि नाडीची गाठ पोटावर दिसते. ऑनलाइन जे दिसतंय ते बहुतेक पॉलिएस्टर सॅटिन, आणि 'स्किन' रंग म्हणजे प्लास्टिकच्या बाहुलीचा गुलाबी. शिवून घ्यावी का? कुठल्या कापडाची? ऑफिसला स्कूटरने जाते, हेही सांगून ठेवते.

साय_नको

सायकलिंग शॉर्ट्स घाल गं. मी बारा महिने त्याच घालते. स्कूटरवरही प्रश्न नाही.

सुईदोरा

शॉर्ट्स मांड्या घासू नयेत म्हणून छान, पण इथे त्यांनी काम होणार नाही. त्यांची कड रेयॉनमधून दिसेलच, आणि त्या नायलॉन-लायक्राच्या असल्या तर जॉर्जेट त्यांनाही चिकटेल. ऑफव्हाइटच्या आत काळ्या शॉर्ट्स घातल्यास तर विचारूच नकोस.

नवी_नागपूरकर, तुमच्या तिन्ही कपड्यांचं दुखणं वेगवेगळं आहे, म्हणून एका स्लिपने भागणार नाही. दोन लागतील. जास्त नको.

ऑफव्हाइटसाठी प्रश्न फक्त उजेडाचा. त्याला मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजचं टू बाय टू रुबिया मिळतं ते घ्या, किंवा केंब्रिक. मलमल नको, ती स्वतःच आरपार दिसते. रंग पांढरा अजिबात नको! पांढऱ्याखाली पांढरं घातलं की स्लिप जिथे संपते ती रेघ गुडघ्यावर स्वच्छ दिसते. आपल्या पायांच्या रंगाजवळचं कापड घेतलं तर ती कड त्वचेत मिसळून जाते. दुकानात 'स्किन' मागू नका, तुम्ही म्हणता तो गुलाबीच हातात देतील. बदामी, बिस्किट, कॉफी असे तागे काढायला लावा आणि हाताच्या मागच्या बाजूवर धरून बघा. तेही दुकानाच्या दारात जाऊन, ट्यूबलाइटखाली नाही. मी स्वतः सावळी आहे, मला कॉफीच बरोबर बसतो. 'न्यूड' लिहिलेलं आजवर एकही बसलं नाही.

रेयॉन आणि जॉर्जेटचं उत्तर वेगळं. तिथे वरचं कापड आतल्यावरून घसरलं पाहिजे. साधं सुती कापड त्याला धरून ठेवतं, मग चालताना वन-पीस हळूहळू वर चढतो. म्हणून कॉटन सॅटिन घ्या, त्याचे परकर मिळतात तेच कापड. गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून शिवायचं. थोडं वजनदार असल्याने कडाही झाकतं.

गिरणगाव_टू_आयटी

पुरुष आयडी आहे, पण वस्त्ररसायन शिकलोय म्हणून तोंड घालतो.

चटचट आवाज म्हणजे स्थिर विद्युत. दोन कापडं एकमेकांवर घासली की एकावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. कापडात ओल असेल तर हा भार वाहून जातो, नसेल तर तिथेच साचतो, आणि विरुद्ध भाराची कापडं एकमेकांना ओढतात. प्रमाण हवेत (म्हणजे चाचणीसाठी ठरवलेल्या तापमानात आणि आर्द्रतेत) कापूस आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल धरतो, व्हिस्कोस रेयॉन ११ ते १३, नायलॉन ४ च्या आसपास. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. ठाण्यात हवाच ओली, म्हणून पॉलिएस्टरचंही निभावलं. नागपूरच्या कोरड्या हवेत त्याचं पितळ उघडं पडलं.

दुसरं म्हणजे, घासल्यावर नायलॉन धन भार घेतं आणि पॉलिएस्टर ऋण. तुमचे स्टॉकिंग्ज बहुधा नायलॉनचे आणि स्कर्ट पॉलिएस्टरचा. याहून वाईट जोडी शोधून सापडणार नाही. कापूस मधोमध कुठेतरी बसतो, त्यामुळे दोघांच्या मध्ये सुती किंवा व्हिस्कोसची स्लिप आली की भांडण मिटतं. तिथे पॉलिएस्टर सॅटिनची स्लिप घातलीत तर पैसे पाण्यात. पॉलिएस्टरवर पॉलिएस्टर घासून भार कमी साचेल, पण स्टॉकिंग्जशी तीच स्लिप भांडेल.

थंडी गेली म्हणजे सुटलो असं समजू नका. एप्रिल-मेमध्येही तिकडची हवा कोरडीठाकच असते. घरी कूलर चालू असेल तोवर ठीक, कारण तो हवेत पाणी सोडतो. ऑफिसातला एसी उलट हवेतली ओल काढून घेतो.

मिनेसोटाची_मावशी

वरच्या दादांना +१. आमच्याकडे जानेवारीत बाहेर उणे वीस आणि घरात हीटिंग, दाराच्या मुठीला हात लावला तरी झटका बसतो. इथे मी कुप्रोच्या स्लिप वापरते. कापसाच्या बियांना चिकटलेले आखूड तंतू विरघळवून ते कापड करतात, जपानचं बेंबर्ग नाव ऐकलं असेल. चांगल्या कोटांना आतून तेच अस्तर असतं. रेशमासारखं घसरतं आणि भारही धरत नाही. महाग आहे मात्र, आणि नागपुरात त्याच्यासाठी वणवण करण्यात अर्थ नाही. कॉटन सॅटिनने भागतंय तर भागवा.

स्लिप शिवून येईपर्यंतचा उपाय: आंघोळीनंतर पायांना मॉइश्चरायझर किंवा थोडं खोबरेल लावा, ते मुरू द्या, मग स्टॉकिंग्ज चढवा. ऑफिसात चिकटलाच तर ओला हात स्कर्टच्या आतल्या बाजूने फिरवा. काहीजणी आतल्या शिवणीला एक लहान सेफ्टी पिन लावतात, थोडा फरक पडतो, पण जॉर्जेटचा धागा ओढला जाईल म्हणून अस्तरालाच लावा.

दादर_पश्चिम

धागा वाचून मजा वाटली. आमच्या लहानपणी फ्रॉकच्या आत शमीज ही सक्तीच होती, आजी हात घालून बघायची घातलीय का. मग पंजाबी ड्रेस आले, त्यांना अस्तरं आली आणि शमीज गायब झाली. आता वन-पीस पुन्हा आलेत पण कंपन्या अस्तर वाचवतात. दोन-दोन हजारांच्या वन-पीसला मांडीपर्यंत अस्तर लावणं ही निव्वळ कंजुषी आहे, शिवणाऱ्या कुणालाही विचारा.

ऑफव्हाइटबद्दल: आरशात कधीच कळत नाही, कारण उजेड समोरून येतो. सकाळच्या उन्हाच्या खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं, पाय थोडे फाकवून, आणि घरातल्या कुणाला तरी समोरून फोटो काढायला सांगायचं. १९८० मध्ये डायना, पुढे ब्रिटनची युवराज्ञी झालेली, लंडनमध्ये बालवाडीत काम करत होती, एकोणीस वर्षांची. छायाचित्रकारांनी तिला मुलांबरोबर बागेत उभं केलं, ऊन मागून आलं, आणि पातळ स्कर्टमधून तिचे पाय जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. आत स्लिप नव्हती. तिला काय ठाऊक, बिचारीला. छायाचित्रकारांना मात्र ऊन कुठून येतंय ते नक्कीच ठाऊक असणार.

नवी_नागपूरकर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! खिडकीची परीक्षा घेतली. नापास, फार वाईट नापास.

सीताबर्डीला जाऊन बदामी रुबिया आणि कॉफी रंगाचं कॉटन सॅटिन बघून आले. आता शिंप्याला काय सांगू? तो विचारतोय "परकर का?" आणि मला नीट सांगता येत नाहीये. कमरेपासूनची शिवायची की खांद्यापासूनची? आणि स्कूटरचं काय?

सुईदोरा

परकर म्हणालात की तो नेफा, नाडी आणि सहा कळ्या घालून मोकळा होईल. "अस्तरासारखा साधा ए-लाइन स्कर्ट, दोन पाख्यांचा" असं सांगा.

स्कर्टच्या आत कमरेपासूनचीच. रेयॉनचा वन-पीस कमरेत शिवलेला असेल तर त्यालाही कमरेचीच चालेल. सरळ खांद्यापासून खाली पडणारा असेल तर कमरेची पट्टी वरून दिसते, मग खांद्यापासूनची हवी. ऑफव्हाइटला वरचा भागही पातळ आहे ना? मग ती खांद्यापासूनचीच, बारीक पट्ट्यांची. पट्ट्यांना ब्रासारखे सरकते आकडे लावून घ्या, म्हणजे गळ्याप्रमाणे वरखाली करता येतात.

लांबी वरच्या कपड्यापेक्षा दोन इंच कमी. बसल्यावर वन-पीस वर सरकतो, स्लिप तितकी सरकत नाही, म्हणून इंचभर कमी ठेवली तर खुर्चीत बसल्यावर डोकावते. नाडी नको, इंचभर रुंद इलॅस्टिक घ्या, कमरेच्या मापापेक्षा दोन-तीन इंच कमी. त्यातही पुढची बाजू सपाट ठेवून फक्त मागे इलॅस्टिक घालायला सांगा, पोटावर चुण्या येत नाहीत. गुडघ्यापर्यंतच्या कमरेच्या स्लिपला चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं (रुंदीचं) दीड मीटर पुरतं. पण कापड आधी भिजवून वाळवा, मगच कापायला द्या. रुबिया आणि सॅटिन दोन्ही आटतात. खालची कड नुसती पिको करून घ्या. जाड दुमड घातली की तिची रेघ रेयॉनमधून दिसलीच.

उरेब (म्हणजे कापड तिरकं धरून) कापून शिवलेली स्लिप अंगावर सगळ्यात सुंदर बसते, हे खरं. पण कापड जास्त लागतं आणि शिवल्यावर खाली लोंबते. कड घालण्याआधी एक दिवस टांगून ठेवावी लागते. तुमच्या शिंप्याला एवढा धीर आहे का बघा.

स्कूटरसाठी स्लिपच दोन पायांची करा. ढगळ पायजमा गुडघ्यावर कापल्यासारखी, पण वर बेताची आणि आसनाला (दोन पाय जुळतात तिथे) सैल. वाऱ्याने स्कर्ट उडाला तरी चिंता नाही, मांड्याही घासत नाहीत. कॉफी सॅटिनची ही करा आणि जॉर्जेट व रेयॉन दोन्हींखाली तीच घाला.

साय_नको

दोन पायांची ही कल्पना मला का नाही सुचली! शॉर्ट्समध्ये मे महिन्यात जीव जातो.

लाल_फीत

माझाही प्रश्न इथेच विचारते. माझ्या सरळ स्कर्टला मागे सहा इंचांची चीर आहे. स्लिप घातली तर चिरेतून दिसते, आणि नुसती आखूड केली तर खालचा भाग उघडा पडतो. काय करावं?

सुईदोरा

स्लिपला बरोबर त्याच जागी चीर ठेवा, अर्धा इंच जास्त उंच. चिरेच्या टोकाला हाताने आडवे टाके घालून घ्या, नाहीतर पहिल्याच जिन्यात उसवते. चिरेच्या कडांनाही पिकोच. आणि सरळ स्लिपला चीर लागतेच, वरच्या स्कर्टला असो वा नसो, नाहीतर पाऊल टाकता येत नाही.

दादर_पश्चिम

मुंबईकरांसाठी एक भर. आपल्याकडे ती चटचटणारी स्थिर विद्युत नाही, घाम चिकटवतो. पावसाळ्यात कॉटन सॅटिनही जड होतं आणि वाळत नाही. आम्ही मलमल दुहेरी लावून शिवतो, फिक्या रंगाच्या कपड्याखालीही चालते. दादरच्या हिंदमाता कापडबाजारात मिळते. साडीच्या आतले शेपवेअर घेऊन वन-पीसखाली घालू नका कोणी, घोट्यापर्यंतचं घट्ट नायलॉन जुलैच्या लोकलमध्ये म्हणजे शिक्षा आहे.

नवी_नागपूरकर

कापड भिजवून वाळत घातलंय. शिंपी दोन पायांची म्हटल्यावर हसला, पण शिवतो म्हणाला. खांद्यापासूनच्या स्लिपला छातीत टक्स (आकारासाठी शिवलेल्या चुण्या) घ्यायला सांगू का, की सरळच ठेवू?

सुईदोरा

रुबियाला ताण नसतो, त्यामुळे टक्स लागतील. दोन्ही बाजूंना काखेखालून एकेक, बारीक. उभे टक्स नको, ते बटणांच्या पट्टीशी भांडतात. आणि बाजूच्या शिवणीत वीतभर चेन लावायला सांगा, नाहीतर डोक्यावरून चढणार नाही.